गवताचा माथा

काल अकोल्याच्या घरी कूलरला नवं गवत लावलं. त्याच्या ओल्या वासासरशी चिखलदऱ्याच्या वाटेवरची ती टेकडी आठवली.

आई परतवाड्याची. डोंगर तिनं जन्मभर खालूनच पाहिलेले. एकदा त्या वाटेनं जाताना मला गाडी थांबवायला लावून म्हणाली, "बाबू, त्या माथ्यावर जाऊ ना. चढ काई जास्त नाई."

"वर काय हाये व आई? नुसतं गवत!" मी घड्याळ पाहत म्हणालो.

"मले तेच पाह्याचं हाये."

मी गाडी सुरू केली. पिवळं गवत वाऱ्यानं लवत होतं. आई मान वळवून पाहत राहिली.

ती वारल्यावर मी एकटाच तिथं गेलो. माथ्यावर पोचायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.