पाचवी गाडी

सुपरकारबद्दल अतिशय ठाम मत असलेला, आणि तरीही एकही सुपरकार डोळ्यांनी न पाहिलेला माणूस साऱ्या देशात एकच आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आम्ही त्यांना फुफाजी म्हणतो. पांढुर्ण्यात त्यांची टिनाची शेड आहे. तिथे ट्रॅक्टर, डिझेल पंप, जुन्या जीपा आणि त्यांच्याहून जुन्या फटफट्या दुरुस्तीला येतात. त्यातल्या एकीलाही सुपर म्हणायची कुणाची छाती होणार नाही. पण दर रविवारी सकाळी नागपूरचे काही हौशी धनिक आपापल्या गाड्या घेऊन आमच्या हायवेने बैतूलच्या दिशेला नाश्त्यासाठी जातात, आणि फुफाजी रस्त्याकडेच्या पुलियाच्या, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या, दगडावर बसून त्या गाड्या ऐकतात. डोळे मिटून. गाणं ऐकायला बसलेल्या माणसाला गवयाच्या सदऱ्याचा रंग काय करायचा, असं त्यांचं म्हणणं. गाडी गेली की ते निकाल देतात. "दहा सिलिंडर. पोट साफ आहे. पण चालवणारा घाबरून राहिला." चालवणाऱ्याची भीती सायलेन्सरमधून कशी ऐकू येते, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "तू बोलाले लागली का मले तुहा बाप ऐकू येते न, तसंच."

माझा बाप ऐकू येणारच. आमच्या घरात खेळण्यांच्या आधी पत्रकं आली. बाबा नोकरी सांभाळून ती छापायचे, वाटायचे, आणि उरलेल्या गठ्ठ्यावर बसून मी अक्षरं शिकले. भूत नसतं. नवसाने काही होत नाही. कुणीही माणूस दुसऱ्या माणसाहून मोठा जन्माला येत नाही. त्यामुळे सुपरकार या वस्तूबद्दल माझं मत ती वस्तू पाहण्याआधीच तयार होतं. जिथे बाळंतिणीला वेळेवर गाडी मिळत नाही, तिथून एका माणसाच्या बुडाखाली सहाशे घोड्यांचं बळ धावतं हा सरळ सरळ अपमान आहे, आणि हे मी फुफाजींना चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ऐकवत असे. ते मान डोलावत. "बरोबर आहे तुहं. अपमान आहे. पण त्यात आवाजाचा काय दोष?"

आवाज हा त्यांच्या लेखी प्राण होता. चालू इंजिनाला लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची, आणि नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखं गप्प उभं राहायचं, ही त्यांची तपासणी. इंजिन बंद केल्यावरही ते लगेच बाजूला होत नसत. तापलेलं लोखंड गार होताना टिकटिक करतं, ती थांबेपर्यंत बॉनेटवर हात ठेवून उभे राहत. कुणाला घाई असली तर म्हणत, "थांब न बाप्पा, त्याचं बोलणं सरू दे." शिवाय शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ते मोबाइलमध्ये साठवून ठेवतात, आणि गाडी भंगारात गेली तरी तो पुसत नाहीत. एकदा भर दुपारी एक बाई आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "यांच्या स्कूटरचा आवाज आहे का तुमच्याजवळ?" त्यांचे यजमान वारून वर्ष झालं होतं. फुफाजींनी काही न विचारता मोबाइल डब्यावर ठेवला. टिनाच्या शेडमध्ये दुरून एक स्कूटर आली, जवळ आली, एकदा खोकली आणि बंद पडली. त्या बाईंनी दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. दारात फक्त ऊन होतं. भूत नसतं हे मला पाठ आहे, पण त्या दारावरून नजर काढायला मला वेळ लागला.

अशा माणसाच्या आयुष्यात हायब्रिड गाडी आली, ती सौंसरच्या गुरुजींच्या मोबाइलमधून. हे गुरुजी निवृत्त विज्ञान शिक्षक. आठवड्यातून एकदा बसने येतात, आणि इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेल्या नव्या सुपरकारांचे व्हिडिओ घेऊन येतात. त्यांचा पक्ष साधा होता. धुराचे नियम कडक झाले. मोटर सोबतीला आली म्हणूनच मोठी इंजिनं टिकली, नाहीतर कंपन्यांनी ती केव्हाच गाडून टाकली असती. शिवाय पाय ठेवताक्षणी जोर मिळतो.

"म्हंजे म्हाताऱ्याले सलाईन लावून नाचवून राहिले," फुफाजी म्हणाले.

"पण नाचते न, भाऊ."

गुरुजी गेल्यावर फुफाजींनी त्यातला एक व्हिडिओ माझ्या मोबाइलवर अकरा वेळा लावून घेतला. लाल गाडी गॅरेजमधून सावलीसारखी, चूपचाप निघते, गल्ली ओलांडते, आणि मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिच्या पोटात एकदम बारा सिलिंडर जागे होतात. जागे होतानाच्या आवाजाला त्यांच्या अंगावर काटा यायचा, तो मी पाहिला. आवडलं होतं त्यांना. पण त्याच्या आधीची शांतता आली की ते पेचकस हातात घट्ट धरायचे.

"इंजिन बंद अन् गाडी चालून राहिली. मंग तिले नेऊन कोण राहिलं?"

"मोटर, फुफाजी."

"ते तर नाव झालं." मग म्हणाले, "इंजिन सांगते, पोरी. चढ आला, सांगते. तेल सरलं, सांगते. मरून राहिलं तरी सांगत सांगत मरते. हे काही न सांगता येते अन् अंगावरून निघून जाते. असं येणारं मले दुसरं एकच माहीत आहे."

पत्रकाच्या हिशेबाने मी बॅटरीच्या बाजूची असायला हवी होते; पण सहाशे घोड्यांच्या गाडीने धूर कमी सोडणं म्हणजे सावकाराने गोड बोलायला शिकणं, असं माझं मत होतं. तेही मी ऐकवलं. "तुह्या पत्रकात सायलेन्सरबद्दल काही लिहेल आहे का?" एवढंच त्यांनी विचारलं.

हे सगळं उभं होतं दोन कानांवर, आणि दिवाळीनंतर ते कान दगा देऊ लागले. सावरगावच्या एकाचा ट्रॅक्टर आला होता. बेअरिंग ओरडत होतं, ते मला बाहेर ओट्यावर ऐकू येत होतं. फुफाजींनी पेचकस लावला, वेळ घेतला, आणि सांगितलं, "झकास आहे." संध्याकाळी तो ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरच्या दोराला बांधून परत आला. कुणी काही बोललं नाही, आणि त्यांना ते बोलण्याहून जास्त लागलं. त्या दिवशी त्यांनी स्वतःलाच एक नियम घालून घेतला. रविवारी पुलियावर डोळे मिटून गाड्या मोजायच्या. एक जरी हुकली, तर सोमवारी शेडला कुलूप, कायमचं.

मला हे आत्याने सांगितलं, गहू निवडता निवडता. "तू जात जाय त्याईच्यासंग. डोयानं मोजत जाय. तू खोटं बोलत नाही, म्हणून तुलेच पाठवून राहिली." मग सुपातला खडा काढून म्हणाली, "शेड बंद झाली तर हा माणूस दिवसभर घरात काय ऐकन? माही भांडी?"

तीन रविवार आमचे आकडे जुळले. चौथ्या रविवारी धुकं होतं. पुढे पुलाचं काम चालू असल्यामुळे गाड्या आमच्या पुलियाजवळच्या कच्च्या वळणावरून हळू जात होत्या. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगिचे, आणि आंबिया बहार इतका फुललेला की वासाने डोकं जड व्हावं. फुफाजी डोळे मिटून बोटं दुमडत होते. एक गेली, दुसरी, मग दोन पाठोपाठ. पुलियाचा दगड प्रत्येक वेळी आमच्याखाली थरथरला. मग बराच वेळ काही नाही.

आणि धुक्यातून पाचवी आली. काळपट हिरवी, जमिनीला चिकटलेली, दिवे लावलेली, आणि आवाज नाही. मला आधी वाटलं, बंद पडली असावी आणि मागून कुणी ढकलत असावं. मागे कुणी नव्हतं. कडेला झोपलेल्या कुत्र्याने कानही हलवला नाही. ती इतक्या जवळून गेली की फुफाजींच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक उचललं गेलं आणि पुन्हा खाली बसलं. काळ्या काचेत क्षणभर आम्हीच दिसलो, पुलियावर बसलेली दोन माणसं, आणि मग काचेतले आम्हीही धुक्यात गेलो.

नियमाप्रमाणे मी विचारलं, "किती?"

"चार."

मी एक श्वास थांबले असेन. जास्त नाही. "पाच," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडून रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, दुमडलेली चार बोटं एकेक करून सरळ केली, आणि उठले.

सोमवारी शेडला कुलूप होतं आणि कुलपासमोर स्टूल टाकून फुफाजी बसले होते. मी सांगून पाहिलं की माझे कान तरणे आहेत, तरी मलाही काही ऐकू आलं नव्हतं; मी फक्त पाहिलं. मी फोन केला तसे गुरुजी सौंसरहून पहिल्या बसने आले. त्यांनी विटेच्या तुकड्याने जमिनीवर आकृती काढून समजावलं की हळू चालताना ही गाडी नुसत्या मोटरवर चालते, इंजिन झोपलेलं असतं, तिथे कुणाचाही कान हरेल.

"तुमी दोघं शिकेल माणसं. ठरवून आले," फुफाजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "घे बापाची शपथ."

"आमच्यात शपथ नसते. मी बोलते तेच."

"मंग येत्या रविवारी तू बी डोये मीट. पाहून सांगणं सोपं आहे. दोघाईचा आकडा जुयला तर कुलूप काढतो." मोडक्या स्टुलावर ते जरा डुलले. "अन् गुरुजी, एक गाडी हुकली त्याचं मले काही नाही. पुढं साऱ्याच अशा येतीन. तवा मले कसं समजन, गाड्या चूप झाल्या का मी?"

गुरुजींनी जमिनीवरची आकृती पायाने पुसली.

पुढच्या रविवारी धुकं तसंच होतं. आम्ही दोघंही डोळे मिटून बसलो. एक, दोन, तीन. चौथी फाटक्या गळ्याची, मला आवडली, पण मी ते कबूल केलं नाही. मग काही नाही. संत्र्याच्या पानांवरून दव ठिबकत होतं, तेवढं ऐकू येत होतं. माझ्या मानेवर गार काहीतरी फिरलं. भूत नसतं, मी मनात म्हटलं, बाबांच्या छापाच्या अक्षरांत. तेवढ्यात फुफाजींनी तळहात दगडावर टेकवल्याचं मला जाणवलं.

"गेली," ते म्हणाले. "पाचवी."

मी डोळे उघडले. दोन्हीकडे रस्ता रिकामा. वळणाच्या मधोमध थोडी वाळलेली पानं गोल फिरून खाली बसत होती. तो वारा असू शकत होता. चौथीनेच ती उडवलेली असू शकत होती. मी काहीही ऐकलं नव्हतं, काहीही पाहिलं नव्हतं. फुफाजींचे डोळे मिटलेलेच होते.

"सांग न," ते म्हणाले.

पुराव्याशिवाय मी आजवर एका ओळीखाली नाव घातलेलं नाही. कुत्रं झोपलेलं होतं. त्याची साक्ष मिळण्यासारखी नव्हती.

"पाच," मी म्हणाले.

ते उठले. "इंजिन नाही, पण वजन तर आहे. दगडाले समजते," असं म्हणून ते शेडच्या रस्त्याला लागले. सोमवारपर्यंत थांबायला ते तयार नव्हते. किल्ली काढून हातातही धरली होती. चाल अशी की मी मागे पडले. "फुफाजी, थांबा," मी म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले. मग एवढ्या मोठ्याने, की बगिच्यातून बगळे उठले. ते तसेच चालत राहिले, किल्ली हलवत, मजेत. मी धावत त्यांना गाठलं आणि काही न बोलता बाजूने चालू लागले. ऊन वर येत होतं. बऱ्याच अंतराने माझी सावली त्यांच्या पायांपुढे पडली तेव्हा ते दचकले, आणि मग हसले.

"कवा आली, माय?"

"सोबतच होते," मी म्हणाले.