न नोंदवलेला अर्ज

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. ती गेली, आणि मला सरळ माणूस समजूनच गेली. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच.

महाड आणि पोलादपूरच्या मधल्या एका बौद्धवाडीतला मी पहिला पदवीधर. कॉलेजात नाव घालायच्या दिवशी आई तापाने पडली होती. तेव्हा शेजारची शेवंताकाकू माझ्यासोबत महाडला आली. मी भिंतीला टेकून फॉर्म भरत होतो आणि खिडकीपुढच्या रांगेत ती माझी जागा धरून उभी होती. हे मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर निदान तसं म्हणता तरी आलं असतं.

पुढे मला एका कार्यालयात नोकरी लागली — कोणत्या, ते राहू दे. सार्वजनिक बागेत कार्यक्रम करायचा, तर परवानगीचा अर्ज माझ्या टेबलावर येई. नियम सोपा. ज्याचा अर्ज रजिस्टरला आधी चढला, तारीख त्याची. अर्ज घेतला की शिक्का मारून पोच द्यायची.

एक दिवस शेवंताकाकू अर्ज घेऊन आली. वाडीतल्या बायकांची भातलावणीची गाणी, त्यातली कितीतरी तिनेच रचलेली, एका रविवारी बागेत माईकवर म्हणायची होती. "वाडीतली माणसं रोजच ऐकतात रे," ती म्हणाली, "एकदा गावानं ऐकाया पायजे." माझा हात शिक्क्याकडे गेला तशी हसली. "पोच कशाला? माझाच पोर बसलाय ना इथं!"

आणि मी हात मागे घेतला.

का? आदल्याच आठवड्यात आमच्या वाडीतल्या तरुणांना बागेत रक्तदान शिबिराची परवानगी मिळाली होती. तेव्हा साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "काय हो, बाग आता तुमच्या वाडीच्या नावावर केली की काय?" सगळे हसले. मीही हसलो — हो, मीही. आता लगेच दुसरा अर्ज कसा पुढे करायचा? साहेबांचा मूड बघून ठेवू, असं म्हणत मी तो ड्रॉवरमध्ये सरकवला. 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ, तळ्याच्या पाण्यासाठी लढलेल्या आमच्या तालुक्यात, माझ्यासारख्या घरात जन्मलेल्याला कुणी शिकवायला हवा होता का?

तीन दिवसांनी एका मंडळाचा अर्ज आला. त्याच रविवारसाठी. तो मी लगेच नोंदवला, शिक्का मारला, पोच दिली.

काकू चौकशीला आली तेव्हा साहेबांनी मला आत बोलावलं. "यांचा अर्ज आला होता का?"

तेव्हाही वेळ गेली नव्हती. ड्रॉवर उघडायचा, एवढंच तर होतं.

"नाही, साहेब."

काकूने माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाली, "मीच दुसऱ्या कुठल्या टेबलावर ठेवला असंल. वय झालं, ध्यान नाय राहत." तिला खरंच तसं वाटलं, की मला वाचवायला ती तसं बोलली? मी कधी विचारलं नाही. अर्ज घरी नेला आणि फाडला.

पावसाळा तोंडावर होता, दुसरी तारीख नव्हती. गाणी त्याच रविवारी वाडीतल्या समाजमंदिरात झाली. ऐकायला आम्हीच, रोजचे. गावातलं एक माणूस फिरकलं नाही. पुढच्या वर्षी काकूला गळ्याचं दुखणं लागलं आणि तिचा आवाज गेला. गावाने तो ऐकलाच नाही.

त्या दिवशी गाणी संपल्यावर माईकवर माझं नाव पुकारलं गेलं. वाडीतला पहिला पदवीधर, सरकारी नोकरीत लागलेला. बायकांनी परस्पर सत्कार ठरवला होता. शाल काकूच्या हातात होती.

"ये रे बाळा, लाजतोस काय?"

लोक टाळ्या वाजवत होते. मी उठलो, पुढे गेलो आणि मान वाकवली.