सोडलं म्हणजे काय सोडलं?

"बाई, चावी माझीच हाय. कुलूप माझं नाय."

धोंडू तांबे यांनी चावी माझ्या टेबलावर ठेवली. मागे त्यांची बायको रुक्मिणी उभी होती. काखेत बोचके, हातात काकडी-भोपळ्याची पिशवी. दोघे कोकणातून बोटीने येऊन भाऊच्या धक्क्यावर उतरले होते, तिथून परळला चाळीत गेले होते आणि स्वतःच्या दाराशी झटापट करून सरळ गिरगावात माझ्या ऑफिसात आले होते. बाकावर बसा, असे मला दोनदा सांगावे लागले.

मी वकिली करते. बहुतेक केसेस भाड्याच्या. अशा वेळी अशिलाला आधी बोलू दिले तर तो मालकाच्या आजोबांपासून सुरुवात करतो. म्हणून मीच विचारते. पावती कोणाच्या नावावर? भाडे कुठवर दिले? चावी कोणाकडे होती? सामान कुठे आहे?

तांबे परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. चाळीच्या मागच्या अंगाला त्यांच्या समाजाची बिऱ्हाडे होती, त्यात त्यांची खोली. पावती त्यांच्याच नावावर. गावी वडील अंथरुणाला खिळले म्हणून गिरणीतून रजा काढून ते बायकामुलांना घेऊन गेले. वडील गेले, मागचे सगळे उरकले, शेताची वाटणी झाली, ते परत आले. जाण्याआधी भाडे चुकते केले होते, वर थोडे पुढचेही दिले होते. चावी शेजारणीकडे होती. सामान खोलीतच.

"आणि करार?" मी विचारले.

"होता ना. पैला मुदतीचा केलेला. ती मुदत कवाच संपली. मग नवा कुणी केलाच नाय." त्यांचा आवाज बारीक झाला. "तिथंच फसलो का काय, बाई?"

"नाही. तिथे कोणीच फसत नाही."

हे इथे जरा समजावून सांगते, कारण निम्मी मुंबई याच भीतीने झोपत नाही. कराराची मुदत संपली की खोलीवरचा हक्क संपला, असे मालक सांगतो आणि भाडेकरूही मान डोलावतो. पण भाडेनियंत्रणाचा कायदा आल्यापासून तसे नाही. भाडेकरू भाडे भरत असेल, त्याची भरायची तयारी असेल आणि तो नीट राहत असेल, तर मुदत संपल्यावरही तो कायद्याने भाडेकरूच राहतो. नव्या कराराची गरज नाही. मालकाला खोली हवी असेल तर त्याने कोर्टात जावे, कायद्यातले कारण दाखवावे आणि हुकूम घेऊन यावे. कुलूप घेऊन येऊ नये.

याला एक अपवाद आहे. भाडेकरूने आपण होऊन खोली मालकाच्या हवाली केली, तर सगळे संपते. याला आम्ही सरेंडर म्हणतो. त्याला कागदच लागतो असे नाही. माणूस बोलतो काय आणि वागतो कसा, यावरूनही कोर्ट ते ठरवू शकते.

दुसऱ्या दिवशी मी परळला गेले. मालक स्वतः कधी चाळीत येत नसे. भाडेवसुली आणि देखरेख दळवी नावाचे गृहस्थ करीत. तळमजल्यावर राहत. कपाळाला गंध, गळ्यात माळ.

"दळवी, दुसऱ्याच्या खोलीला कुलूप कसं लावलंत?"

"दुसऱ्याच्या कसं? तांबे खोली सोडून गेला."

"कोण म्हणतं?"

"तांबेच. जिन्यात मला म्हणाला. सोडलं म्हणाला सगळं. वकीलबाई, मी पूजा झाल्याशिवाय पाणी पीत नाय. खोटं कशाला बोलू?"

मला ते खोटे बोलत आहेत असे मुळीच वाटले नाही आणि तीच अडचण होती. खोटा साक्षीदार उलटतपासणीत कुठेतरी अडखळतो. मनापासून चुकलेला साक्षीदार अडखळत नाही. त्याला जितके जास्त विचारावे तितका तो खरा वाटत जातो.

मी ताब्याचा दावा लावला. मालकाच्या वकिलांनी मला चहाला बोलावले. ते माझ्याहून वयाने मोठे, स्वभावाने गोड. चहाबरोबर त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे केला.

"कशाला भांडायचं, बाई? तुमच्या अशिलाने यावर सही करावी. आज संध्याकाळी चावी देतो. भाडंही तेवढंच."

कागदावर भाडे हा शब्द कुठेच नव्हता. 'परवानगी' होती, 'मोबदला' होता आणि मुदत होती. वर लिहिले होते, लीव्ह अँड लायसन्स. भाडेकरू आणि लायसन्सवाला यांत फरक एवढाच की भाडेकरूला कायदा सांभाळतो आणि लायसन्सवाला पाहुणा असतो. मुदत संपली की पाहुण्याने उठायचे. खोली तीच, पैसे तेच, चूलही तीच. फक्त उद्यापासून तुम्ही स्वतःच्याच घरी पाहुणे.

मी तो कागद तांब्यांना वाचून दाखवला. तांबे लगेच म्हणाले, "करतो सही."

"ऐकून तरी घ्या."

"ऐकलं. पोरं माझी वरळीला, बीडीडी चाळीत भावाकडे. त्याचीच खोली भरलेली, त्यात आम्ही. वहिनी बोलत नाय, पण भांडी आपटते. मी पाळीवरनं आलो की झोपायला जागा नाय. गॅलरीत बसून उजाडतंय."

आता रुक्मिणी बोलली.

"मुदत संपल्यावर काय व्हईल?"

"निघावं लागेल. तेव्हा मीही काही करू शकणार नाही."

"मग आता भाहेर हाय तेच बरं. एकाच खोलीतनं दोनदा कोण भाहेर पडणार?"

तांब्यांनी बायकोकडे पाहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी तो सहीशिवाय परत पाठवला.

मग मालकाची कैफियत आली. कैफियत म्हणजे दाव्याला दिलेले लेखी उत्तर. ती मुद्देसूद होती. मला असे कागद आवडतात, विरुद्ध बाजूचे असले तरी. तांब्यांनी जाताना सगळा हिशेब पुरा केला. कपडे आणि भांडी बांधून नेली. 'सोडलं' असे तोंडाने सांगितले. आणि शेवटी मोठा मुद्दा: जाण्याआधी त्यांनी घरातले देव हलवले. पुढे खालच्या मजल्यावर पाणी गळू लागले म्हणून शेजारणीने खोली उघडून दिली, तेव्हा देवळीत देव नव्हते, हे दळवींनी डोळ्यांनी पाहिले. बिऱ्हाड मोडल्याशिवाय कोणी देव हलवत नाही.

मी कागद खाली ठेवला. हा मुद्दा कोणत्याही जज्जाला पटला असता. मलाही पटला. माझ्या स्वतःच्या घरी सामान हलते तेव्हा देव सगळ्यात शेवटी निघतात आणि सगळ्यात आधी पोचतात.

दोघांना बोलावून मी विचारले, "देव कुठे आहेत?"

"समुद्रात," रुक्मिणी म्हणाली.

"म्हणजे?"

"दसऱ्यानंतर आमच्या लोकांनी दीक्षा घेतली ना, बाई, तवाच. वरळीला सोडले. आम्ही देव सोडले. खोली नाय सोडली."

मग जिन्यातली सगळी हकीकत बाहेर आली. तांबे देव फडक्यात बांधून उतरत होते. वर येणाऱ्या दळवींनी विचारले, "काय रे, देव घेऊन कुठे?" तांबे म्हणाले, "सोडलं, मामा. सोडलं आम्ही सगळं." दळवींनी विचारले, "घरात विचारलंस?" तांबे म्हणाले, "सगळ्यांचं एकमत हाय." दळवी म्हणाले, "बरं बाबा. सुखी राहा." त्याच आठवड्यात गावाहून तार आली आणि तांबे घराला आपले कुलूप लावून निघाले.

दोघेही खरे बोलले होते. दोघांनाही समोरच्याचे बोलणे पूर्ण कळले, असे वाटले होते.

"हे कोर्टात सांगावं लागेल," मी म्हणाले. "चाळीतली माणसं ऐकतील. जज्जसाहेब स्वतः देवपूजा करणारे आहेत. त्यांना कसं वाटेल, मला ठाऊक नाही."

तांबे पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "सांगा की! चोरून केलं का काय आम्ही? दिवसाढवळ्या जिन्यानं उतरलो, त्याचीच तर ही केस झाली."

पहिल्या तारखेला संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ होता. ट्राम बंद, दुकाने बंद. मी आणि मालकाचे वकील दोघेही चालत कोर्टात पोचलो, पुढची तारीख घेतली आणि चालत परतलो. तांबे आणखी काही रात्री गॅलरीत बसले.

पुढच्या तारखेला मालकाच्या वकिलांनी छान सुरुवात केली. "साहेब, सगळ्यांना सबंध मुंबई हवी आहे. माझ्या अशिलाला फक्त त्याची एक खोली हवी आहे." कोर्ट हसले. जज्जसाहेब हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा पुसला. मग दळवी साक्षीला उभे राहिले आणि त्यांनी सगळे जसेच्या तसे सांगितले. माझी पाळी आली.

"दळवी, खोलीत गेलात तेव्हा पाटा-वरवंटा होता?"

"होता."

"पाळणा?"

"टांगलेला होता."

"पाण्याचं पिंप?"

"होतं. जड आहे ते."

"आणि तरी तुम्हाला वाटलं, बिऱ्हाड हललं?"

"बाई, पाटा काय, पुन्हा मिळतो. देव नेल्यावर घरात राहिलं काय?"

मागच्या बाकांवर दोन-चार माना हलल्या. जज्जसाहेबांचीही किंचित हलली असावी.

"देवळी अगदी रिकामी होती?"

"देव नव्हते."

"ते कळलं. दुसरं काही होतं का?"

दळवींनी आठवून पाहिले. मी आधीच म्हटले, माणूस प्रामाणिक होता. "एक तसबीर होती. मांडी घालून बसलेले, डोळे मिटलेले."

"कोणाची?"

"बुद्धाची असावी. मला वाटलं, कॅलेंडर आहे."

"कॅलेंडरला हार घालतात?"

"हार होता. सुकलेला." दळवी थांबले. कोर्टाच्या छताकडे पाहत राहिले. काहीतरी जुळत चालले होते.

जज्जसाहेबांनी स्वतः विचारले, "जिन्यात तांबे नक्की काय म्हणाले?"

"सोडलं म्हणाले, साहेब."

"काय सोडलं?"

"ते..." दळवींनी तांब्यांकडे पाहिले. "ते नाय विचारलं."

"का नाही विचारलं?"

"साहेब, मी भाडेवसुलीचा माणूस. भाडेकरू मला जिन्यात सोडलं म्हणाला, तर मी खोलीच समजणार. देव सोडल्याचं कोणी भाडेवाल्याला सांगतं का?"

या वेळी जज्जसाहेब हसले. मग त्यांनी तांब्यांना पुढे बोलावले.

"तुम्ही देव सोडलेत?"

"व्हय, साहेब."

"आणि खोली?"

"खोली कशी सोडू, साहेब? तिथनंच तर गिरणीत जातो."

मला त्यांच्या चेहऱ्यावरून काहीही कळेना. मग ते क्लार्ककडे वळून इंग्रजीत सांगू लागले. भाडेकरूने घरातले देव बदलले, यावरून त्याने घर सोडले असे ठरत नाही. भाडे चुकते करणे हा सरेंडरचा पुरावा नाही; ते भाडेकरूचे कर्तव्यच आहे. कराराची मुदत संपल्याने काही बिघडत नाही. कुलूप कोर्टाच्या हुकमाशिवाय लावले, ते काढावे. खोली जुन्याच भाड्याने, जुन्याच नात्याने परत द्यावी. लायसन्सच्या कागदाचा उल्लेख झाला नाही. त्याला आता अर्थच उरला नव्हता.

हुकमाची नक्कल घेऊन आम्ही परळला गेलो. दळवी दारात चावी घेऊन उभे होते. कुलूप त्यांनीच काढले. रुक्मिणी आत गेली, पिंपाचे झाकण उघडून पाहिले, तसबिरीवरचा सुकलेला हार काढला आणि मुलांना बाहेर चपला काढायला लावल्या.

"तांबे," दळवी म्हणाले, "माझी चूक झाली. पण पुढच्या वेळी काय ते नीट सांगत जा रे. आम्ही आपले आमच्या हिशेबानं समजतो."

"पुढच्या येळी सोडायला उरलंय काय, मामा?" आतून रुक्मिणीचा आवाज आला. "नवराच तेवढा ऱ्हायलाय."

दळवी हसले नाहीत. त्यांना तिथेही खात्री वाटत नसावी.

करार संपला, आता काय करू, असे अजूनही लोक येऊन विचारतात. मी सांगते, घाबरू नका. भाडे वेळेवर द्या, पावती घ्या, मालकाने नवा कागद पुढे केला तर आधी वकिलाला दाखवा. गावी जाणार असाल तर परत येणार असल्याचे पोस्टाने कळवून जा. आणि जिन्यात मालकाचा माणूस भेटला तर वाक्य पुरे करा. कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे, पण व्याकरणाचे ज्याचे त्याने पाहायचे आहे.