डोळेबाईंची खिडकी

डोळेबाईंचं खरं नाव त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं. त्या कृत्रिम डोळे बनवायच्या. अपघातात नाहीतर आजारात एक डोळा गमावलेली माणसं त्यांच्याकडे यायची आणि बाई उरलेल्या डोळ्याला जोड असा दुसरा करून द्यायच्या. आधी मेणाचा साचा, मग ॲक्रिलिकची पातळ कवडी, तिच्यावर हाताने रंगवलेलं बुबुळ, आणि पांढऱ्या भागात शिरा म्हणून बसवलेले तांबड्या रेशमाचे धागे, केसाहूनही बारीक. काम इतकं बेमालूम की एका गिऱ्हाइकाची बायको आठवडाभर भलत्याच डोळ्यात औषध घालत होती.

खोली तिसऱ्या मजल्यावर. पलंग भिंतीला उभा केला की कामाचं टेबल उघडायचं, आणि टेबल उघडलं की कपाट उघडायचं नाही. शेजारचे गृहस्थ खोकले की इकडे बाईंचा कुंचला थबकायचा. अर्ध्याहून जास्त कमाई भाड्यात जायची. तरी बावीस वर्षं त्या तिथून हलल्या नाहीत, त्या खिडकीपायी. खिडकी सावलीच्या बाजूची होती. ऊन आत यायचं नाही, पण उजेड दिवसभर एकसारखा, शांत. डोळ्याचा रंग बघायला असा उजेड लागतो. दिव्याखाली तपकिरी डोळाही खोटं बोलतो, असं त्या म्हणायच्या.

धाकटा भाऊ सहा तासांवरच्या लहान गावात राहायचा. दर फोनला त्याचं तेच.

"ताई, तू देतेस तेवढ्या भाड्यात इकडे अख्खं घर येईल. काय ठेवलंय त्या खुराड्यात?"

"गिऱ्हाइकं ठेवलीयत रे बाबा."

"आणि आजारी पडलीस तर?"

इथे मात्र बाई विषय बदलायच्या. आदल्या वर्षी तापाने तीन दिवस अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा एकाही माणसाला पत्ता नव्हता. चौथ्या दिवशी शेजारच्या खोकणाऱ्या गृहस्थांनी दार वाजवलं, तेही "माझं पत्र चुकून तुमच्याकडे आलंय का?" हे विचारायला.

मग समोरचं जुनं गोदाम पाडलं आणि तिथे उंच इमारत चढू लागली. दर महिन्याला एक मजला वर जायचा आणि बाईंच्या टेबलावरचा उजेड वीतभर मागे सरायचा. सहावा मजला झाला त्या सुमाराला एका बसड्रायव्हरचा डोळा चुकला. बुबुळात हिरवट झाक आली. ड्रायव्हर भला माणूस. आरशात बराच वेळ बघून म्हणाला, "बाई, डोळा झकास आहे. पण हा माझा नाही, माझ्या मेव्हण्याचा वाटतोय."

बाईंनी तो डोळा गच्चीवर बसून नव्याने रंगवून दिला, पण त्यांच्या मनाने घेतलं. दोन महिने दुसरी खोली शोधली. जिथे खिडकी होती तिथे भाडं ऐकून घाम फुटायचा, आणि भाडं परवडायचं तिथली खिडकी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात उघडायची. शेवटी त्यांनी रंगांच्या बाटल्या कापसात गुंडाळल्या, खोलीची किल्ली घरमालकिणीच्या हातात दिली आणि भावाचं गाव गाठलं.

भावाने वरची अख्खी खोली रिकामी करून ठेवली होती. तिन्ही बाजूंना खिडक्या. पहिल्या सकाळी बाई नुसत्या उभ्या राहिल्या. एवढा उजेड त्यांनी एका जागी कधी पाहिला नव्हता. झोप अशी लागायची की सकाळी भावजयीला दोनदा हाक मारावी लागे. साधी शिंक आली तर संध्याकाळपर्यंत तीन घरांतून काढा यायचा. बाईंच्या गालांवर चार महिन्यांत मांस चढलं, आणि भाऊ "बघ, मी म्हणत नव्हतो?" असं म्हणत घरभर हिंडू लागला.

गिऱ्हाइकं मात्र चार महिन्यांत तीनच आली. तिसरी होती गावच्या शाळेतली शिक्षिका. आठ वर्षं काळा चष्मा लावून वावरत होती. ती मागच्या दाराने आली, जिना चढली आणि खुर्चीवर बसण्याआधी म्हणाली, "खिडक्या लावून घेता का?"

"अहो, खिडक्या लावल्या तर मला तुमच्या डोळ्याचा रंग कसा दिसणार?"

"समोरच्या घरातून इकडचं सगळं दिसतं. तिथली मुलं माझ्या वर्गात आहेत."

बाईंनी पडदे ओढले. तिन्ही खिडक्यांचे. बाहेर उजेड नुसता वाहत होता आणि आत त्या दोघी दिव्याखाली बसल्या होत्या. तीन वेळा बसल्या, आणि तिन्ही वेळा रंग फसला. चौथ्या वेळी शिक्षिका आलीच नाही.

कारण बाईंना भाजीवाल्याकडे कळलं. त्याने टोमॅटो तोलता तोलता सहज विचारलं, "काय मग, मास्तरणीबाईंचा डोळा कुठवर आला?"

घरी येऊन बाईंनी पिशवी ठेवली आणि भावजयीकडे नुसतं पाहिलं. भावजय रडवेली झाली. "मी फक्त शेजारणीला सांगितलं हो. एकीलाच. तेही तुमचं कौतुक म्हणून."

"तुझी चूक नाही गं," बाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. काढा आणायलाही तीच शेजारीण आली होती. एकाच तोंडाने गावभर दोन्ही बातम्या जायच्या, ताई आजारी असल्याची आणि मास्तरणीच्या डोळ्याची. त्यातली एक ठेवून दुसरी परत करता येत नव्हती.

त्या रात्री जेवताना बाईंनी शहरात परत जाणार असल्याचं सांगून टाकलं. भावाचा घास हातातच राहिला.

"उजेड सोडून अंधारात चाललीस?"

"इथला उजेड मला वापरता येत नाही रे."

भाऊ दोन दिवस घरात आदळआपट करत हिंडला. तिसऱ्या दिवशी बाटल्या कापसात गुंडाळायला मात्र तोच बसला.

शहरात परतल्यावर बाईंना महिलांच्या वसतिगृहात एक खाट मिळाली, पाच जणींच्या खोलीत, तीही भिंतीकडची. तिथून त्यांनी शिक्षिकेला पत्र लिहिलं, की सुट्टीत या, तुमचं काम अर्धं राहिलंय. शिक्षिका येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. ती आली.

वसतिगृहात काम करायला जागाच नव्हती. बाई तिला घेऊन वाचनालयासमोरच्या फूटपाथवर आल्या. तिथे एक बाक होता आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून अंगावर मऊ उजेड येत होता. बाईंनी रंगांची पेटी मांडीवर उघडली.

"इथे? एवढ्या माणसांत?" शिक्षिका बसायलाच तयार होईना.

"बसा तर खरं. पाच मिनिटं. नाही जमलं तर उठू."

तिने चष्मा काढला आणि मान खाली घातली. समोरून शेकड्याने माणसं जात होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक जण येऊन बसला, डबा उघडून जेवला आणि निघून गेला. एक म्हातारी मात्र थेट त्यांच्यासमोर येऊन थांबली. शिक्षिकेने बाईंचं मनगट घट्ट धरलं.

"अहो," म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "बारा नंबरची बस गेली का?"

"ना... नाही, अजून नाही," शिक्षिका म्हणाली. म्हातारी पुढे गेली आणि शिक्षिकेला हसू फुटलं. इतकं, की बाईंना कुंचला बाजूला ठेवून थांबावं लागलं.

"हलू नका हो," बाई म्हणाल्या, "बुबुळाची कड करायचीय." पण त्याही हसत होत्या.

दुपारपर्यंत रंग जुळला. मधाच्या रंगात बारीक करड्या रेघा. दिव्याखाली त्या एकदाही दिसल्या नव्हत्या.

पुढच्या महिन्यात बाईंना खोली मिळाली. नववा मजला, आणि लिफ्ट सातव्यापर्यंतच. आधीच्या खोलीहून लहान, भाडं आधीपेक्षा जास्त. पाण्याला जोर नाही. पण खिडकीसमोर आभाळाखेरीज काही नव्हतं. वरपर्यंत पोचलेलं गिऱ्हाईक पहिली दहा मिनिटं नुसतं धापा टाकायचं, त्यामुळे साचा घ्यायच्या आधी पाणी द्यायचा नियमच झाला. शेजारी एक शिंपीणबाई होत्या. बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्यांना एक किल्ली देऊन ठेवली, आणि दोन दिवस दार उघडलेलं दिसलं नाही तर आत यायचं असं बजावलं. गावाहून एवढं त्या शिकून आल्या होत्या.

हिवाळ्यात भाऊ आणि भावजय चार दिवस राहायला आले. भावाने दोन मजल्यांच्या पायऱ्या मोजल्या, एकुलत्या खुर्चीवर बसून गुडघे चोळले आणि पाण्यापासून आवाजापर्यंत प्रत्येक गोष्टीला नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भावजय "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून एकटीच खाली उतरली, ती तीन तास आली नाही. भाऊ खिडकी आणि दार यांच्यात येरझारा घालू लागला.

ती आली तेव्हा हात रिकामे होते आणि चेहरा लालबुंद.

"काय गं, काय घेतलंस?" त्याने विचारलं.

"काहीच नाही. नुसती चालले."

"तीन तास? कुठे?"

"कुठे म्हणजे?" भावजयीने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. "वाटेत कुणी 'कुठे चाललात' म्हणून विचारलंच नाही. मग मीही ठरवलं नाही."

बाईंनी खिडकीपाशी पाट सरकवून तिला बसायला जागा केली आणि हातातला अर्धा झालेला डोळा पुन्हा उजेडाला धरला.