न वाजलेली तबकडी

सिडकोतल्या दीपकरावांकडे लोकगीतांच्या चारशे तबकड्या होत्या, आणि त्यांतल्या एकाही गाण्याची चाल त्यांना ठाऊक नव्हती. तबकडी आणली की खिडकीपाशी उजेडात तिरकी धरायची, भिंगातून ओरखडे मोजायचे आणि पाकिटावर पेन्सिलीनं दर्जा लिहायचा: नवीकोरी, बरी, नाहीतर वाकलेली असली तर सरळ 'पापड'. वाजवायची मात्र नाही. सुई टेकली की दर्जा उतरतो.

"लोणचं घालायचं आणि बरणी उघडायची नाही, त्यातली गत," त्यांची बायको मनीषा म्हणायची.

सत्त्याण्णव साली त्यांना चिमणाबाईंच्या जात्यावरच्या ओव्यांची नवीकोरी तबकडी मिळाली. पाकिटावर गाणारणीची सही आली तर दर्जा आणखी एक पायरी चढणार. दीपकरावांनी पत्ता हुडकला, पत्र टाकलं, आणि चिमणाबाई नांदगावहून एसटीनं हजर झाल्या.

"सही करीन भाऊ. पण आधी वाजीव. पंचवीस वर्सं झाली, मी माझा आवाज ऐकलाच नाय. आमच्याकडं मशीन कुठलं?"

दीपकरावांनी बोटांवर हिशेब मांडला. सहीनं एक पायरी वर, सुईनं एक पायरी खाली, म्हणजे फिट्टंफाट. अखेर देव पाण्यात ठेवून त्यांनी सुई टेकवली.

आतून एक बाप्या खड्या आवाजात पोवाडा म्हणू लागला.

चिमणाबाईंनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग दुसरी बाजूही. "गातो बरा," त्या म्हणाल्या. "माझं कुठंय?"

"कारखान्यात तुमचं लेबल भलत्याच गाण्याला चिकटलंय, मावशी." बोलता बोलता दीपकरावांचा चेहरा उजळला. "अशी चूक लाखात एक. हिला आता तोड नाही!"

"अन् माझ्या ओव्या?"

"असतील कुठंतरी. तुम्ही सही करा."

"त्याच्या गाण्याला माझं नाव कशाला, भाऊ?" त्यांनी पेन खाली ठेवलं.

मनीषानं त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "मावशी, मला म्हणून दाखवा."

ओट्याला टेकून चिमणाबाईंनी पहिली ओवी धरली. आवाज जरा अडखळला, मग त्याला वाट सापडली.

बाहेर दीपकराव भिंगातून सुईचा माग काढत होते.

"मनीषा, जरा हळू म्हणायला सांग गं त्यांना," ते ओरडले. "माझे ओरखडे चुकतायत."