हिरवा ठिपका आणि आंगचेकर मॅडम

प्रा. नलिनी आंगचेकर यांच्या खोलीत मी पहिल्यांदा गेलो तो संगणकशास्त्राची जय्यत तयारी करून. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "तुमच्या घरी आजी फोन कुणाकडून लावून घेतात?" मी गडबडलो. काहीतरी उत्तर दिलं. त्यांनी मला संशोधनासाठी घेतलं, ते कशावरून, हे मला आजही ठाऊक नाही.

माणसांच्या रोजच्या जगण्यात संगणक कसा सामावतो, हा मॅडमचा विषय. प्रत्यक्षात मात्र त्यांनी मला मिठबाव गावी सुशीलाकाकींच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. काकी एकट्या राहत, मुलगा मुंबईला. आम्ही दारावर एक सेन्सर बसवला होता. सकाळी काकी उठून आत आल्या की मुलाच्या फोनवर हिरवा ठिपका उमटायचा. यंत्र बिनचूक चालत होतं. मी खूश होतो.

पण काही दिवसांनी काकींनी त्यावर लुगड्याचा तुकडा टांगला. मी वायरी तपासत बसलो. मॅडम त्यांच्याबरोबर नारळ खवत बसल्या आणि म्हणाल्या, "काकी, त्रास होता काय तेचो?"

"आदी माजो झील रोज फोन करी," काकी म्हणाल्या. "'आये, उठलंस मा?' म्हणी. आता तेका फोनार दिसता मी उठलंय ता. मगे बोलात कित्याक?"

मॅडमनी त्याच दिवशी यंत्र उतरवलं. चाललेलं काम अपयशी ठरवून त्यांनी तसं विभागात सांगितलंही. मला काहीच उमगेना. आम्ही जिंकलो होतो की हरलो होतो?

गणपतीनंतर एकदा सकाळी उठल्या उठल्या, स्वयंपाकघरात जाण्याआधीच, काकी विहिरीपाशी घसरून पडल्या. शेजारच्या फातिमाभाभी मासे द्यायला आल्या तेव्हा त्यांना काकी दिसल्या. तोवर बराच वेळ गेला होता. पाय मोडला होता. मुलगा मुंबईहून धावत आला आणि मॅडमना म्हणाला, "रोज फोन होत नाही माझ्याकडून. ते यंत्र असतं तर मला लगेच शंका आली असती. काढलंत कशाला?"

"तुमचं बरोबर आहे," मॅडम एवढंच म्हणाल्या. परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी बाजूला घेतली. मी विचारलं, "आपलं चुकलं का?"

"माहीत नाही रे. काढलं तेव्हा तेही बरोबरच वाटत होतं."

काकी हिंडूफिरू लागल्यावर मॅडम पुन्हा गेल्या आणि यंत्र लावू का, असं त्यांनाच विचारलं. काकी म्हणाल्या, "तेका माजां कळता, मगे माका तेचां कळूक नको?" म्हणून मुलाच्या मुंबईच्या स्वयंपाकघरातही सेन्सर बसला आणि काकींच्या ओट्यावर एक छोटा दिवा आला. मुलगा उठला की तो लागायचा. एका रविवारी आम्ही तिथे असताना दिवा लागायला उशीर झाला, तर काकींनीच फोन लावला, "उठलंस नाय रे अजून? बरो आसस मा?" पलीकडून हसणं ऐकू आलं. मग दोघं खूप वेळ बोलत होती. मॅडम उठून बाहेर अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

त्याच काळात माझे वडील कुडाळच्या इस्पितळात होते, तेव्हा मॅडम डब्यात पेज घेऊन येत. प्रबंधाचा विषयही काढत नसत. त्या माझ्यावर नाराज आहेत, अशी माझी समजूत झाली होती. वडील घरी आल्यावर एकदा धीर करून विचारलं, तर त्या चकित झाल्या. "अरे, तुम्ही वडिलांजवळ होतात ना?"

आज मी सावंतवाडीला शिकवतो. मॅडमच्या संशोधनाचं सार विद्यार्थी विचारतात, तेव्हा माझी वाक्यं अजूनही अर्ध्यावर अडतात.

मॅडम यंदा साठीत प्रवेश करत आहेत. त्यांचे हातपाय असेच धड राहोत, भूक आणि झोप चांगली राहो, आणि आम्हां सर्वांना त्यांचा सहवास पुढची कितीतरी वर्षं मिळो. निवृत्तीनंतर काय करणार, असं परवा त्यांना विचारलं. जरा विचार करून म्हणाल्या, "माका कायएक कळणा नाय बघ."

ऐकून जीव भांड्यात पडला. कळत नाही तिथूनच तर त्या सुरुवात करतात; म्हणजे मॅडमचं काम अजून पुष्कळ चालणार आहे.