चौघांचा पडदा

आमच्या पडदाघरात सोमवार म्हणजे एक माणूस होता. मंगळवार माणूस, बुधवार माणूस, आणि गुरुवार म्हणजे मी. नाटकाचे जुने पडदे ठेवलेलं ते गोडाऊन लोकांसाठी उघडं राहावं म्हणून आम्ही चौघांनी वार वाटून घेतले होते. शुक्रवारी गावचा बाजार, तेव्हा चौघंही हजर. पगार-बिगार काही नाही, उलट चहा ज्याच्या त्याच्या खिशातला. पुढं पुढं आम्ही एकमेकांना वारानंच हाक मारायला लागलो. "ए बुधवार, तंबाखू काढ." पोरं हसायची. हसू दे, आम्हालाही मजा यायची.

सोमवार पडदे रंगवायचा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी आटोपली की गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा आणि दंडारीचा नाच, रात्री नाटक. त्या नाटकांचे पडदे त्यानं मांजरपाटावर रंगवले, पाण्यात विरघळणाऱ्या सरसात रंग कालवून. दरबार, रस्ता, तुरुंग, आणि सगळ्यात मोठा जंगलाचा. मंगळवार पेटी वाजवायचा. बुधवार बाईचं काम करायचा, आणि असं करायचा की कुरखेड्याकडच्या एका म्हाताऱ्यानं त्याला सून करून घ्यायची गोष्ट काढली होती. मी प्रॉम्प्टर. स्टेजच्या पुढच्या खड्ड्यात बसून सगळ्यांची वाक्यं सगळ्यांच्या आधी मीच बोलायचो. ती खोड अजून गेली नाही. समोरचा बोलताना जरा थांबला की मी त्याचं वाक्य पुरं करतो. लोकांना राग येतो. येऊ दे.

मग नाटक कंपन्यांनी छापील फ्लेक्स आणले, आता तर एलईडी आली. सोमवारचे पडदे वडशाला या कंपन्यांच्या कुठल्या कुठल्या शेडात उंदरांच्या हवाली पडले होते. ते आम्ही गोळा केले. गावच्या राइस मिलचा म्हातारा मालक नाटकवेडा, त्यानं मागचं गोडाऊन एका शब्दावर दिलं. बाहेर पाटी लावली, 'पडदाघर'. पहिल्या वर्षी कौतुकानं लोक आले. नागभीडहून एक प्राध्यापक आले, पोरांना घेऊन पुन्हा येतो म्हणाले. ते काही आले नाहीत.

सोमवार गेला, खोकून खोकून गेला. मंगळवारला लेकानं नागपूरला नेलं. बुधवार गावातच आहे, धडधाकट आहे, पण "कोणी येत नाई त उघडाचं कोणासाठी?" असं म्हणून एक दिवस ओसरीवर बसला तो बसलाच, हातात मोबाईल घेऊन. सगळे वार माझ्या गळ्यात आले. मी रोज सकाळी कुलूप काढायचो, झाडायचो, दारात खुर्ची टाकून बसायचो. बायको गेल्यापासून घरी तरी काय ठेवलं होतं? कधी कधी दिवसभरात एकच माणूस दारात यायचा, आणि विचारायचा, "इथी झेरॉक्स होते का?"

गेल्या दसऱ्याच्या सुमारास मिलवाल्याचा मुलगा आला. म्हातारा केव्हाच वर गेला, आता धंदा हाच पाहतो. पोरगा वाईट नाही. दारात उभा राहून नुसताच चपलेनं माती उकरत होता.

"भाऊ, ते गोडाऊन..."

"पाह्यजे," मी म्हटलं. बघा, केलंच वाक्य पुरं.

"हो ना. यंदा धान गंज पिकलं. पोते ठेवाले जागा नाई. आन् इथी तं कोणी येत बी नाई."

"येते कोणी कोणी."

"मंग मंडईच्या दिवशी येऊ द्या. अख्खं गाव राह्यते, पाव्हणे राह्यतेत. त्या दिवशी लोक आले पाहाले, त गोडाऊन तुमचंच. नाई आले, त पडदे घरी न्या. राग नका मानू, भाऊ."

घरी म्हणजे कुठं? माझं घर दीड खोलीचं. जंगलाच्या पडद्याचा बांबू माझ्या घरापेक्षा लांब. अंगणात ठेवावा तर आमच्याकडचं दिवाळीनंतरचं दव काही साधं नसतं, सकाळी पत्र्यावरून टपटप गळतं. सरसाचा रंग त्यात चिखल होऊन उतरला असता. सोमवारच्या हाताचं या जगात तेवढंच उरलं होतं. ना त्याचा फोटो धड, ना पोरंबाळं. ते माझ्या अंगणात सडलं असतं आणि मी रोज दात घासताना ते पाहिलं असतं.

पडदा दाखवायचा तर टांगायला हवा. आणि जंगलाचा पडदा टांगायला चार माणसं लागतात. दोघं बांबू धरणार, दोघं दोऱ्या ओढणार. म्हणून मी माणसं शोधायला निघालो. खरं सांगतो, मला कोणाच्या दारात जायची सवय राहिली नव्हती. पहिल्या घरासमोर मी दोनदा पुढं जाऊन मागं आलो. शेवटी त्या घरातल्या बाईनंच हाक मारली, "भाऊ, गंज दिवसानं आले! बसा ना." चहा झाला. गुडघ्याची चौकशी झाली. पडद्याचं काढलं तर नवऱ्यानं मान हलवली, "धान कापून राह्यलो, भाऊ. धानाचे पुंजणे रचून झाले नाई अजून. मंडईच्या दिवशी पाव्हणे. पण येतो ना, टाइम भेटला त येतो." पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच, वर चिवडा. चहा सगळ्यांनी पाजला, माणूस कोणी दिला नाही.

मंगळवारला फोन लावला. सून म्हणाली, झोपलेत. भर दिवसा झोपलेत. पूर्वी हा माणूस तीन गावांची नाटकं लागोपाठ वाजवून चौथ्या गावाला ताजातवाना पोचायचा. मी म्हटलं, उठल्यावर सांगा, गुरुवारचा फोन आला होता. ती म्हणाली, "आज तर सोमवार आहे ना काका." मी फोन ठेवला.

बुधवारकडं सगळ्यात शेवटी गेलो, कारण तिथं जाणं मला जड जात होतं. तो मोबाईलवरून डोळे न काढता म्हणाला, "पाव्हणे आहेत माझ्याकडं त्या दिवशी. अख्खा टेम्पो भरून येऊन राह्यले कुरखेड्याहून."

"अबे, एक बांबू धरशीन का नाई? सोमवारचा पडदा आहे तो."

"सोमवार मेला," तो म्हणाला. "आन् तू बी मरून राह्यला त्याच्यासंगं त्या गोडाऊनात." मग जरा नरमला. "पाहतो. येतो."

मंडईच्या दिवशी सकाळी मी वाट पाहिली. कोणी आलं नाही. टांगायचा विचार सोडून पडदा जमिनीवरच उघडायचं ठरवलं. एकट्यानं उघडायचा म्हणजे बांबूच्या या टोकाला हातभर ढकलायचं, मग त्या टोकाला जायचं, तिकडं ढकलायचं, पुन्हा इकडं. तरी वाकडा झालाच. गोडाऊनची निम्मी जमीन त्या जंगलानं भरून गेली. साग, मोह, मध्ये नाला, आणि नाल्याकाठी वाघ. वाघाचं तोंड हुबेहूब सोमवारच्या सासऱ्यासारखं. त्यानं मुद्दाम काढलं होतं, आणि सासरा दर नाटकाला पुढच्या रांगेत बसून ते पाहायचा, त्याला कधी कळलं नाही. आम्ही चौघं किती हसायचो! आता हे कळणारा गावात बुधवार एकटा होता, आणि तो ओसरीवर होता. मी एकटाच थोडा हसलो. बरं वाटलं नाही.

दुपारी एकदम माणसं आली. बाया, बापे, लेकरं, भरपूर. मी शर्टाची वरची गुंडी लावली आणि "या, या, चपला बाहेर काढा" म्हणत पुढं झालो. त्यांनी चपला काढल्या, भिंतीकडेनं टॉवेल अंथरले आणि आडवे झाले.

"हे का करून राह्यले तुमी?" मी ओरडलोच.

"बुधवारभाऊनं पाठवलं," एक बाई म्हणाली. "म्हणे, घरात जागा नाई, गोडाऊन मोकळं आहे, पडा थोडं. रातभर नाटक पाहाचं आहे ना. सकाळपासून टेम्पोत उभे आहो, भाऊ. झोपू द्या."

एक म्हातारा तर तोवर घोरायलाही लागला होता. मी पडद्याभोवती विटा मांडल्या, कोणाचा पाय पडू नये म्हणून, आणि खुर्चीत बसून राहिलो. जंगल पाहायला एवढी माणसं जमली होती आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले. तरी एक मन म्हणत होतं, माणसं तर आहेत! मिलवाल्याच्या पोरानं माणसं म्हटलं होतं, जागी म्हटलं नव्हतं.

उन्हं उतरायला लागली तसा तो मोटरसायकलवर येताना दिसला. मी धावत आत गेलो. "उठा! उठा!" कोणी हलेना. मी खड्ड्यातला माणूस, दबक्या आवाजात ओरडायची सवय. खाली वाकून एकेकाच्या कानात म्हणालो, "वाघ पाहा, वाघ! समोर वाघ आहे!"

आमच्या भागात झोपेतल्या माणसाला असं सांगू नये, एवढं मला कळायला हवं होतं. पहिला माणूस उठला तो "वाघ आला!" करतच उठला. बायांनी लेकरं काखेत मारली. घोरणारा म्हातारा सगळ्यांच्या आधी दारात पोचला. दोन मिनिटांत गोडाऊन रिकामं, सगळी जनता रस्त्यावर, आणि मिलवाल्याचा पोरगा गाडीवर बसून हे पाहत राहिला. मग कोणीतरी आत डोकावलं, जमिनीवरचा वाघ पाहिला, आणि एकच हशा उडाला. हसत हसत त्यांनी आपापल्या चपला शोधल्या आणि मंडईच्या मैदानाकडं निघून गेले. पडदा पाहायला कोणी थांबलं नाही.

पोरगा आत आला. हातात डबा होता. "आईनं पाठवला."

"तू पाह्यलं ना," मी म्हटलं. "लोक आले होते. आता गेले ते..." पुढचं मला सुचेना.

"राहू द्या, भाऊ. गोडाऊन तुमचंच आहे. पोत्यासाठी आमी देवळामागचे शेड घेतले. कवाचेच."

"कवाचेच म्हणजे?"

त्यानं मान खाली घातली. "मी तवा खरंच मांगाले आलो होतो. घरी सांगितलं त आई भडकली. म्हणे, ते गोडाऊन घेतलं त तो माणूस जाईन कुठी? मंग म्हणे, आता त्याले सांगू नको. या निमित्तानं तो चार घरी जाते तरी. घरची बाई गेली तवापासून कोणाच्या दारात नाई आला."

शिवी अगदी ओठावर आली होती. ते सगळे चहा, ती गुडघ्याची चौकशी, ते "गंज दिवसानं आले", त्यांनाही हे माहीत होतं का? मी विचारलं नाही. हिंमतच झाली नाही.

"आन् पडदे?" मी म्हटलं. "पडदे ठेवण्यासारखे आहेत म्हणून नाई?"

त्यानं जमिनीवरच्या जंगलाकडं पाहिलं. खोटं बोलला असता तरी चाललं असतं मला. पण पोरगा सरळ आहे. "मले त्यातलं का समजते, भाऊ," तो म्हणाला.

त्या वेळी मला जितकं एकटं वाटलं तितकं बायकोला पोचवून आलो त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी सोमवार, मंगळवार, बुधवार तिघंही माझ्या अंगणात बसून होते. मनात आलं, चावी याच्या अंगावर फेकावी आणि घरी जावं. नको मला कोणाची कीव. पण चावी मी फेकली असती आणि दव पडद्यावर पडलं असतं.

"धर," मी म्हटलं. "ते टोक धर."

आम्ही दोघांनी पडदा गुंडाळला. त्याला जमत नव्हतं. "सरळ धर, बापा, जंगल आहे ते, पोतं नाई," असं मी दोन-तीनदा खेकसलो, आणि तो दर वेळी टोक सरळ करत गेला. बांबू लाकडी घोडीवर चढवला. मैदानातून लाऊडस्पीकरवर नाटकाचं तिकीट पुकारणं सुरू झालं होतं. "चालता का नाटकाले?" त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. तो बाहेर जाऊन गाडीवर बसला.

मी डबा खुर्चीवर ठेवला आणि त्याच्यामागं रस्त्यापर्यंत गेलो.

"आईले सांगशीन का एक?"

"बोला ना, का सांगू?"

"लोक आले होते म्हणून सांग. झोपाले नाई. पाहाले. गंज आले होते, असं सांग."

त्यानं किक मारायला उचललेला पाय खाली ठेवला. माझ्याकडं न पाहता, हँडलवरची धूळ पुसत म्हणाला, "सांगतो, भाऊ."